मागच्या अंगणात फुटलेले टिकी मग

अन्याय झाला तो एका म्हातारीवर. साल २००६, सप्टेंबरातला शुक्रवार, दिवेलागणीच्या थोडं आधी. जागा न्युरेम्बर्गच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या तीनमजली घराचं मागचं अंगण. अन्याय करणारी माणसं तिच्या घरचीच, आणि ती सगळी हसत होती. मी तिथे हजर होते म्हणून हे लिहिते आहे. दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण काही वाईट झालं असं दुसऱ्या कुणाला वाटलेलंच नव्हतं.

म्हातारी माझी घरमालकीण. ती तळमजल्यावर, मी सगळ्यात वर उतरत्या छपराखाली. तोंडावर मी तिला तिथल्या रीतीप्रमाणे 'फ्राऊ' लावून आडनावाने हाक मारायचे, मनात मात्र ती आजी होती. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती वर कधी आली नाही. आणि माझं जर्मन कचऱ्याच्या डब्यांपलीकडे फारसं जात नव्हतं. पिवळ्या पिशवीत काय टाकायचं, तपकिरी डब्यात काय. तीन वर्षं आम्ही एकमेकींशी कचऱ्यावर बोललो.

मी तेव्हा एका कंपनीत इंजिनिअर होते. त्याआधी पुण्यात कॉलेजला असताना पत्रकं लिहायचे. हॉस्टेलचं पाणी, मेसचं अन्न, परीक्षेची फी, जे समोर येईल त्यावर. झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या, रागाने, शाई वाळायच्या आत वाटलेली पत्रकं. तो राग सामानात भरूनच मी जर्मनीत आले, आणि एका रविवारी माझी एका चेहऱ्याशी गाठ पडली.

रविवारी तिथे दुकानं बंद. उघडा असतो तो फ्लोमार्क्ट, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. लोक गाडीची डिकी उघडतात, टेबल मांडतात आणि घरातलं नको झालेलं विकायला बसतात. मी पोळ्यांसाठी लोखंडी तवा शोधत होते. बरोबर वहिनी होत्या. वहिनी म्हणजे ऑफिसातल्या एका दादांची बायको, मूळच्या साताऱ्याच्या, तोंडाने फटकळ आणि मनाने तुपासारख्या. तवा मिळाला नाही. एका टेबलावर, कुणाच्या तरी लग्नातल्या सूपच्या भांड्यामागे, तो उभा होता.

भाजक्या मातीचा उभट पेला. त्याला धरायला कान नव्हता, पण चेहरा होता. कपाळ पुढे आलेलं, डोळे खोल, दात विचकलेले. अंगावर हिरवी झिलई. डोळ्यांच्या खोबणीत ती दाट साचून जवळजवळ काळी झालेली, आणि नाकाच्या शेंड्यावर इतकी पातळ की खालची माती दिसत होती. भट्टीत तो रंग वाहत होता आणि वाहता वाहता थांबला होता. ती थांबल्याची जागा मला बोटाला लागत होती. मी पेला हातात घेतला आणि खरं सांगते, मला बोलता येईना.

वहिनींना येत होतं.

"ठेव गं ते खाली. ट्रकच्या मागे लावतात तसलं तोंड आहे."

"वहिनी, बघा तरी."

"बघितलं. आता ते मला बघतंय. चल."

मी चालले नाही. मी तो घेतला.

हे काय प्रकरण आहे ते घरी येऊन इंटरनेट उघडल्यावर कळलं. प्रशांत महासागरातल्या बेटांवर लोक आपल्या देवांच्या, पूर्वजांच्या मूर्ती लाकडात आणि दगडात कोरत आले. अमेरिकेतल्या बारवाल्यांनी ती तोंडं उचलली, पेल्यांवर चढवली, आत रम आणि अननसाचा रस ओतला आणि त्याला टिकी मग म्हणायला लागले. बेटांवरच्या लोकांच्या हाती काही पडलं नाही. माझ्यातली पत्रकवाली ताडकन उठून बसली. ही उघड उघड चोरी आहे! पण पुढचं वाक्य सुचायच्या आत माझा हात पुन्हा त्या मगाकडे गेलेला. ज्याने हे तोंड केलं त्या कारागिराने बेट पाहिलंही नसेल. कुठल्याशा चित्रावरून, अर्ध्या ऐकीव माहितीवरून त्याने असा एक देव घडवला ज्याला जगात एकही भक्त नव्हता. आणि तरी तो देव माझ्याकडे असा बघत होता की मी खोलीतला दिवा मालवायला बिचकले. चीड आणि नवल दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला कुठल्या मोर्च्यात कळलं नव्हतं. मी टिकी मग जमवायला लागले.

ही शिकार पहाटेची असते. विकणारे गाडीतून खोकी उतरवत असतात तेव्हाच मुरलेले शिकारी कपाळाला टॉर्च बांधून त्यांच्या खांद्यावरून डोकावत असतात. मीही टॉर्च घेतला. आनंद चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही हे शिकले. मगाच्या शेजारच्या फुलदाणीची चौकशी आधी करायची, तिला नावं ठेवायची आणि मग सहज विचारल्यासारखं, "आणि हे काय आहे हो?" नखाने टिचकी मारायची. अख्खा असेल तर टणकन वाजतो, आत तडा असेल तर आवाज बसका येतो. मग उलटा करून तळ बघायचा, कारण तो कुठला ते तळावर लिहिलेलं असतं. कित्येकांच्या तळावर जपान. जपानात भाजलेला, अमेरिकेत भरलेला, कुणा सैनिकाच्या बॅगेतून जर्मनीत आलेला, आणि आता सायकलची ट्यूब आणि पेंढा भरलेला कोल्हा यांच्या मधोमध पडलेला एक देव. एवढा प्रवास करून त्याच्या नाकालाही खरचटलेलं नाही! एका मगाच्या तळाशी झिलईत कुणाचं तरी बोट उमटलं होतं. ओल्या झिलईत बुडवताना पकडलेलं बोट. मी माझं बोट त्यावर ठेवलं तर तंतोतंत बसलं. त्या दिवशी मी जेवायचं विसरले.

आता मुख्य मगाबद्दल. जमवणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर एक धूसर फोटो होता. न्युरेम्बर्गजवळच्या एका अमेरिकन सैनिकी क्लबातला, पुष्कळ वर्षांपूर्वीचा. टेबलाभोवती तरुण सैनिक, आणि एकाच्या हातात तपकिरी मग. पुढे जीभ बाहेर काढलेलं टिकीचं तोंड, आणि पाठीवर, नीट बघितलं तर, न्युरेम्बर्गच्या किल्ल्याचा गोल बुरूज. क्लबने इथल्याच कुठल्या तरी कुंभारखान्यातून खास करून घेतलेला. अर्धे लोक म्हणायचे, बुरूज वगैरे काही नाही, ती सावली आहे. तो मग कुणाकडेच नव्हता. दक्षिण समुद्रातला देव आणि त्याच्या पाठीला आमच्या गावचा बुरूज! मी तीन वर्षं तो शोधला. न्युरेम्बर्ग, फ्युर्थ, आसपासची खेडी, मेलेल्या माणसांची घरं रिकामी करतात तिथले ढीग. एकदा तर दोनशे किलोमीटरवरच्या झिंडेलफिंगेनपर्यंत गाडीने गेले, आणि निघाला काय, तर बिअरचा साधा मग.

वहिनी म्हणायच्या, "तुझ्या आईला काय सांगू? पोरगी जर्मनीत राक्षस गोळा करते?"

त्या सप्टेंबरात आजीच्या नातवाचं लग्न निघालं. आजीने जिन्यात मला अडवून आमंत्रण दिलं, आणि मैत्रिणीलाही आण म्हणाली. लग्नाच्या आधी संध्याकाळी घराच्या अंगणात जमायचं, तिथे त्याला पोल्टरआबेंड म्हणतात. मी वहिनींना एवढंच सांगितलं की लग्नघरी जायचं आहे. मलाही त्याहून जास्त माहीत नव्हतं. वहिनी मोरपंखी साडी नेसून आल्या, आणि रीतीप्रमाणे आहेर घेऊन आल्या: चिनीमातीच्या सहा ताटल्या, चकचकीत कागदात, वर रिबन.

अंगणात शिरलो तर युद्ध चाललेलं. पाहुणे बश्या, कप, सूपची भांडी फरशीवर आपटत होते. एकाने चक्क जुना कमोड आणला होता आणि दोघे तो झुलवून झुलवून फेकत होते. नवरानवरी टाळ्या वाजवत होते. तुकडे जितके जास्त तितकं नशीब चांगलं, असा हिशेब. काच आणि आरसा तेवढा फोडायचा नाही, बाकी जे आणलं ते फुटलंच पाहिजे, आणि शेवटी नवरानवरीने दोघांनी मिळून ते झाडायचं.

आजीची सून पुढे आली. वहिनींच्या हातातलं खोकं बघून ती इतकी खूश झाली, की तिने तिथेच कागद फाडला, वरची ताटली काढली आणि वहिनींच्याच हातात दिली. "बिट्टे! घ्या, जोरात!"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "अगं, आहेर फोडायला लावतायत!"

"त्यांची पद्धत आहे म्हणे."

"पद्धत? आपल्यात मडकं कुठे फोडतात माहितेय ना? लग्नात? शिव शिव! आणि कोऱ्या ताटल्या गं, फुलांच्या!"

"थांबा," मी म्हटलं, "तुम्हाला दुसरं काहीतरी जुनं आणून देते. या ताटल्या मागे ठेवा."

फोडायच्या भांड्यांची खोकी भिंतीला लागून होती. सगळ्यात कडेच्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. बहुतेक रिकामंच झालेलं. मी कागदात हात घातला. काहीतरी गार, उभट. हाताला आधी जीभ लागली.

मी तो बाहेर काढला. तपकिरी. मी तो उलटा करायच्या आधी त्याची पाठ पुढे फिरवली. बुरूज होता. गोल, त्याच्या खिडक्यांसकट, एकेक खिडकी काडीने टोचलेली. झिलई त्या टोचलेल्या भोकांत शिरून मधासारखी पिवळी झाली होती. सावली नव्हती ती! मी नखाने टिचकी मारली. टणकन वाजला. एक ओरखडा नाही. भोवती बश्या फुटत होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हतं. देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखी मी उभी होते.

"हं, तो शेवटचा," सून म्हणाली. "असले सहा होते. टाक, टाक!"

"कुठले आहेत हे?"

"ओमाच्या केलरमधले." ओमा म्हणजे आजी, केलर म्हणजे घराखालचं तळघर. प्रत्येकाचा एकेक लाकडी पट्ट्यांचा कप्पा असतो. तीन वर्षं तो मग माझ्याच पायाखाली होता. "जुनं खोकं होतं, धूळ खात पडलेलं. पाच फुटले. काय मस्त फुटतात!"

आजी भिंतीजवळ खुर्चीवर बसली होती. नवीन निळा स्वेटर, मांडीवर केकची बशी, केक तसाच. ती हसत नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मग घेऊन तिच्यापाशी गेले. माझ्या पाठीमागे लोक ओरडत होते, अरे, आणलेलं परत न्यायचं नसतं, नशीब पळवतेस का! मी गुडघ्यावर बसले.

"हा तुमचा आहे ना? फोडू द्यायचा का यांना?"

तिने मग घेतला, जीभ बघितली, अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा नव्हे," ती म्हणाली. "माझा मघाशीच गेला. दुसरा का तिसरा."

मग तिने सांगितलं. हळू, सोपं जर्मन, कचऱ्याचं समजावताना वापरायची तसंच. ती त्या सैनिकी क्लबाच्या मोरीत भांडी घासायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक मग सिंकमध्ये पडला आणि त्याची जीभ तुटली. आता हाकलतात म्हणून ती रडायला लागली. शेजारी घासणारी बाई तिच्याहून मोठी. तिने जीभ गोंदाने चिकटवली, मग फळीवर मागे सारला आणि कुणाला सांगितलं नाही. तुटका मग गिऱ्हाइकासमोर जाऊ शकत नाही, म्हणून तो दोघींचा झाला. दोघी त्यातूनच कॉफी प्यायच्या, क्लब बंद होईपर्यंत. बंद झाला तेव्हा तो आणि उरलेले पाच खोक्यात भरून आजीने घरी आणले.

"ती बुरुजाच्या बाजूने, मी जिभेच्या बाजूने," आजी म्हणाली. "ती वारली. गुडघ्यांमुळे मला केलरमध्ये उतरता येत नाही. पण तो खाली आहे हे माहीत होतं. तेवढं पुरत होतं."

"आणि तुम्ही बघितलंत? फोडताना?"

"हो. पोराने आपटला तर जीभ वेगळी उडाली. सगळे हसले. गंमतच दिसत होती."

मी उठले. माझं जर्मन त्या संध्याकाळी कुठून आलं मला माहीत नाही. विभक्त्या सगळ्या चुकल्या असतील. पण सगळे माझ्याकडे वळले एवढं खरं.

"यांना विचारलं होतं का?" मी सुनेला म्हटलं. "खोकं उचलायच्या आधी? एक जिना चढून यायचं होतं! एक प्रश्न!"

"म्हणजे..." ती गोंधळली. वाईट बाई नव्हती ती. सकाळपासून पाहुण्यांसाठी राबत होती. "जुना पसारा होता. मला वाटलं, ओमाला आठवतही नसेल."

"आठवतं," आजी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, ओमा? तू तर इथेच बसली होतीस!"

"पोरं खूश होती." आजीने केकची बशी खाली ठेवली. "विचारलं असतंस तर पाच दिले असते. एक ठेवला असता."

ऐका हे वाक्य. पाच तसेही गेलेच असते. एक तसाही उरलाच असता, उरलाही. आकडा बरोबर होता! फक्त कुठला ठेवायचा हे ज्याचं त्याला सांगू दिलं नाही. मी इतकी पत्रकं लिहिली, पण अन्याय इतका लहान, इतका नेमका मी आधी पाहिला नव्हता.

वहिनी मला मराठीत हळूच म्हणाल्या, "काय झालं गं? म्हातारी रडतेय का?"

"नाही. आपणच रडू आता."

आजीने माझ्याकडे हात पुढे केला. "दे तो."

मी दिला. खोटं कशाला सांगू, माझी बोटं लगेच सुटली नाहीत. तीन वर्षं शोधलेला, जगात कदाचित हा एकच उरलेला, आणि मला कळत होतं ती काय करणार आहे. तिलाही कळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला फार आवडलाय?"

"हो," मी म्हटलं. "फार."

"आम्हा दोघींनाही असंच झालं होतं. खोकी पहिल्यांदा उघडली तेव्हा. आम्ही घासायचं सोडून बघत बसलो होतो." ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली. "पण नातवाचं लग्न आहे. खोकं आलंय ते पूर्ण फुटलं पाहिजे. आणि हा मी फोडणार."

ज्या बाईला जिना चढवत नव्हता तिने हात खांद्यामागे नेला आणि मग असा फेकला की तो अंगणाच्या पार टोकाला, कमोडच्या ढिगाऱ्यावर जाऊन फुटला. तो आवाज मी विसरणार नाही. खापरं कारंज्यासारखी वर उडाली आणि आतली भाजकी माती, भट्टीत बंद झाल्यापासून उजेड न पाहिलेली, फिकट गुलाबी दिसली. टाळ्या सुरू झाल्या. मला हळहळ वाटायला हवी होती. वाटली नाही. एखादी मोठी लाट बघताना जे होतं ते झालं.

वहिनींनी डोळे पुसले, आपल्या कोऱ्या ताटल्यांपैकी एक उचलली आणि म्हणाल्या, "आजींसाठी!" पहिली फुटल्यावर त्यांना चव लागली. दुसरी त्यांनी आपल्या सासूबाईंच्या नावाने फोडली, आणि तिसरी कुणाच्या ते मी सांगणार नाही.

मग नवरानवरी झाडू घेऊन आले. नवरीने सुनेला काहीतरी विचारलं, सुनेने तिच्या कानात सांगितलं. नवरीच्या हातातला झाडू थांबला. ती चांगल्या फ्रॉकमध्ये तशीच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि खापरं हाताने बाजूला करायला लागली. नवरा बसला. मग सून बसली. मी आणि वहिनीही. कुणीतरी दिवा आणला. आम्ही जीभ शोधत होतो.

जिभा सापडल्या. टिकीच्या तपकिरी, रेषा कोरलेल्या जिभा, एकेक करून ढिगाऱ्यातून वर आल्या. नवरी प्रत्येक जीभ फ्रॉकला पुसून आजीच्या मांडीवर ठेवत होती. आजी ती दिव्याखाली धरून तुटलेल्या कडेला गोंदाची पिवळी रेघ दिसते का ते बघायची आणि मान हलवायची. पाच जिभा तिच्या मांडीवर ओळीने पडल्या. कुठल्याच बेटावर नसलेल्या देवांच्या. सहावी आम्हाला मिळाली नाही. कमोड फेकताना चुरा झाली असेल, कुणाच्या बुटाला चिकटून गेली असेल. आजीने शेवटी नवरीचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे. बोट कापशील." आणि पाचही जिभा स्वतःच झाडूपुढे टाकल्या.

मी अजूनही टिकी मग जमवते. अजूनही पहाटे टॉर्च घेऊन जाते आणि अजूनही एखाद्या चेहऱ्यापुढे माझी वाचा बसते. पण जो मग मला खरंच बघायचा होता तो मी कधीच पाहिला नाही. त्याला पडलेली चीर, गोंदाची रेघ, दोन्ही कडांना पडलेले कॉफीचे डाग. तो मी पोचायच्या आधी पाच मिनिटं फुटला, हसत हसत, चांगल्या दिवशी, चांगल्या माणसांच्या हातून.

तुमच्याही घरात माळा आहे. दिवाळीच्या आधी तुम्ही तो काढाल, आणि तुम्हीही चांगली माणसं आहात. म्हणून सांगते. एकही वस्तू भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नका. घरात सगळ्यात म्हातारं जे कोण असेल त्यांना खुर्ची द्या, माळ्यावरचं सगळं त्यांच्यापुढे एकेक करून ठेवा आणि विचारा, "यातलं तुमचं कुठलं?" त्यांचं उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवा. उत्तराला वेळ लागला, तर लागू द्या. आजच विचारा.